एकाच दारापुढची गर्दी

जून महिना आला की गिरगाव, दादर, लालबाग या भागांतील काही घरे एकाएकी अबोल होतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागलेला असतो, गुण अपेक्षेपेक्षा कमी आलेले असतात आणि शेजाऱ्यांनी काही विचारू नये एवढीच साऱ्यांची इच्छा असते. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेस बसले. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या पुढे होत्या आणि त्यांतील जवळपास निम्म्या खासगी महाविद्यालयांतल्या, म्हणजे शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारास न झेपणाऱ्या होत्या. अभ्यास कोणी कितीही करो, वीसांतील एकोणीस जणांना ही जागा मिळणे अशक्य आहे. या एकोणीस जणांस आपण काय सांगतो? बहुधा एकच वाक्य सांगतो: “पुन्हा बस.”

पुन्हा बसण्यात गैर काही नाही. काहींना दुसऱ्या खेपेस यश येतेही. परंतु एक वर्ष, मग दुसरे वर्ष आणि क्लासच्या फीसाठी काढलेले कर्ज एवढे सारे पणास लावण्यापूर्वी आरोग्यक्षेत्रात दुसरी दारे कोणती, याची साधी चौकशीही अनेक घरांत होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मुंबईकराने तरी ही चूक करू नये. कारण ही दारे त्याच्या उंबऱ्याजवळच आहेत.

परळच्या नाक्यावरून अर्ध्या तासाच्या पायी फेरीत काय काय दिसते ते पाहावे. लस-संशोधनाची परंपरा सांगणारी १८९९ ची हाफकिन संस्था, कर्करोगावरील उपचारांसाठी १९४१ साली उघडलेले टाटा रुग्णालय, १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती, की येथील अध्यापक व वैद्य भारतीयच असावेत. परकी अमदानीत भारतीय डॉक्टरांस जी दारे बंद होती, ती उघडण्यासाठीच ही संस्था उभी राहिली.

याच केईएममध्ये १९५० साली आणखी एक दार उघडले. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार शिकविणारी भारतातील पहिली शाळा तेथे सुरू झाली. तिच्या संस्थापिका कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन. विष्णु निंबकरांशी विवाह करून त्या भारतात आल्या, पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि परत येऊन ते येथे रुजविले. फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ आपल्या शिक्षकवर्गास परिचित आहे. ते त्यांच्याच नावाचे. पोलिओने अधू झालेली मुले त्या काळी रुग्णालयांत येत. ताप उतरला की वैद्यांचे काम एका अर्थी संपे. मुलाचे मात्र तेथूनच सुरू होई. चमचा कसा धरावा, सदऱ्याची गुंडी कशी लावावी, शाळेच्या पायऱ्या कशा चढाव्यात, हे शिकविणारे शास्त्र हवे होते. पाठोपाठ फिजिओथेरपीचे शिक्षणही केईएममध्ये सुरू झाले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, तरी अपघात, पक्षाघात व वार्धक्य यांनी या शास्त्रांची गरज वाढविलीच आहे.

परिचर्येची थोरवीही परळला निराळी सांगावयास नको. १९७३ साली केईएममधील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या अंथरुणास खिळून होत्या. सुमारे बेचाळीस वर्षे परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाही. २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. अशा विद्येस ‘डॉक्टरकी नाही जमली म्हणून’ घेतलेली विद्या म्हणणे हा तिचा अपमान आहे.

आता नियमांकडे वळू. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपथी व युनानी या पदव्यांसाठी ‘नीट’ अनिवार्य आहे. एमबीबीएससाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण हवीत आणि बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत खुल्या वर्गास एकत्रित पन्नास टक्के, राखीव वर्गांस चाळीस टक्के गुण व इंग्रजीत उत्तीर्णता हवी. परिचर्येच्या चार वर्षांच्या पदवीसही हेच विज्ञान विषय लागतात. तिच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. परिचर्येची तीन वर्षांची पदविका मात्र कला वा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनाही खुली राहिली आहे, आणि तेथून पुढे पदवी व पदव्युत्तर शिक्षणापर्यंत जिना चढता येतो. औषधनिर्माणशास्त्रास गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय पुरतो. प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह यांतील तंत्रज्ञांसाठीही पदव्या आहेत.

या यादीवरून एक गोष्ट ध्यानात येईल. दारे उघडतात वा मिटतात ती बारावीनंतर नव्हे, अकरावीचा अर्ज भरताना. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मित्राकडे पाहून जीवशास्त्र सोडतो आणि अर्धे आरोग्यक्षेत्र सोडून बसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्यांस ‘नीट’ची वाट मोकळी केली, हे चांगले झाले, पण ती माहिती किती कनिष्ठ महाविद्यालयांच्या फलकावर लागली? तीच गोष्ट कागदपत्रांची. अधिवासाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र यांसाठीची धावपळ निकालानंतर सुरू होते, आणि कचेरीतील एका सहीअभावी हक्काची जागा जाते.

अज्ञानाचा फायदा घेणारेही टपलेले असतात. दोन खोल्यांत ‘पॅरामेडिकल’ अभ्यासक्रम चालविणाऱ्यांच्या जाहिराती आपण पाहतोच. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली, आणि २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली. तेव्हा फी भरण्यापूर्वी पालकांनी दोनच प्रश्न विचारावेत: मान्यता कोणत्या परिषदेची व विद्यापीठ कोणते? आणि प्रत्यक्ष काम शिकावयाचे ते कोणत्या रुग्णालयात? उत्तर गुळमुळीत मिळाले तर उठून यावे.

यावर पालक म्हणतील, “हे सारे खरे; पण मान आणि पगार डॉक्टरलाच.” हा आक्षेप खोटा नाही. तंत्रज्ञ व परिचारिका कंत्राटावर नेमावयाच्या, रिक्त पदे वर्षानुवर्षे भरावयाची नाहीत आणि तरुणांनी मात्र या व्यवसायांकडे वळावे असा उपदेश करावयाचा, हे शासनास व महापालिकेस शोभत नाही. मान हा भाषणांनी मिळत नसतो. तो कायम नेमणुकीने व बढतीच्या वाटेने मिळतो.

परंतु तोवर हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. दहावीच्या परीक्षेनंतर शाळांनी मुलांना एक दिवस जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात न्यावे आणि रुग्णालयांनी त्यांना डॉक्टरांच्या खोलीपलीकडचे विभाग दाखवावेत. परळच्या मुलास तर त्यासाठी बसचे तिकीटही काढावे लागणार नाही. पक्षाघाताने पडलेला माणूस कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून पहिले पाऊल टाकतो, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, की जूनमधील निकालाच्या दिवशी घरात होणाऱ्या संभाषणास एक निराळे वाक्य मिळेल.