बीडचा सचिन ‘दुसरा तेंडुलकर’ आहे का? आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

नाव सचिन. जर्सीचा क्रमांक १०. संघ अडचणीत असताना मैदानात उतरायचं आणि सामना फिरवायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये बीडच्या सचिन धसने हे केलं आणि त्याच रात्री ‘दुसरा तेंडुलकर’ हे शब्द मोबाइलवर फिरू लागले. तो जेव्हा जेव्हा मोठी खेळी करतो, तेव्हा ही तुलना पुन्हा वर येते.

ही तुलना कुठे जुळते, कुठे तुटते आणि बीडच्या खेळाडूला मोजायची योग्य पट्टी कोणती, ते समजून घेऊ.

तुलना सुरू कुठून झाली?

तारीख ६ फेब्रुवारी २०२४. बेनोनीच्या विलोमूर पार्कवर भारत विरुद्ध यजमान दक्षिण आफ्रिका, उपांत्य सामना. भारतासमोर २४५ धावांचं लक्ष्य होतं. क्वेना माफाकाने डावाच्या पहिल्याच चेंडूवर विकेट काढली. पाहता पाहता भारत ४ बाद ३२.

इथून कर्णधार उदय सहारन आणि सचिन धस यांनी पाचव्या विकेटसाठी १७१ धावा जोडल्या. सचिनने ९५ चेंडूंत ९६ केल्या, त्यात ११ चौकार आणि १ षटकार. शतक चार धावांनी हुकलं. सहारनच्या ८१ धावा झाल्या आणि भारताने ७ चेंडू आणि २ विकेट राखून सामना जिंकला.

त्याआधी चारच दिवस, २ फेब्रुवारीला, ब्लूमफाँटेनमध्ये नेपाळविरुद्ध त्याने ११६ धावा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

नावामागची गोष्ट काय?

सचिन धसचा जन्म ३ फेब्रुवारी २००५ चा. त्याच्या आधी जेमतेम दोन महिने, डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला, सचिन तेंडुलकरने ३४ वं कसोटी शतक करून सुनील गावसकर यांच्या विक्रमाशी बरोबरी केली होती. त्या काळात क्रिकेटवेड्या घरात मुलाचं नाव सचिन ठेवलं जाणं नवल नव्हतं. धस यांच्या घरातही तेच झालं. वडील स्वतः विद्यापीठ पातळीवर क्रिकेट खेळलेले, नोकरी आरोग्य विभागात. आई पोलिस दलात.

पण एक गंमत लक्षात घ्यायला हवी. खुद्द तेंडुलकरचं नावही एका मोठ्या माणसावरूनच ठेवलेलं आहे. त्याचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना संगीतकार सचिनदेव बर्मन आवडायचे. मुलगा काही संगीतकार झाला नाही. म्हणजे नावावरून आई-बापाची आवड कळते, मुलाची वाट कळत नाही.

१० क्रमांकाचंही तसंच. तेंडुलकर निवृत्त झाल्यानंतर २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने वरिष्ठ संघात ही जर्सी घातली, तेव्हा त्याच्यावर इतकी टीका झाली की त्याने क्रमांक बदलला. त्यानंतर वरिष्ठ संघात तो क्रमांक कुणाला दिला गेला नाही. अंडर-१९ संघात ही अडचण नव्हती, म्हणून धसच्या पाठीवर १० आला.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कोण कुठे होता?

इथे तुलना सरळ तुटते.

• तेंडुलकर: १५ व्या वर्षी, डिसेंबर १९८८ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद १००. १६ व्या वर्षी, नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत कसोटी पदार्पण. एकोणीस पूर्ण व्हायच्या आत १६ कसोटी आणि ३ शतकं: मँचेस्टर, सिडनी आणि पर्थ.

• धस: एकोणिसाव्या वर्षी अंडर-१९ वर्ल्ड कपचा अंतिम सामना. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या रणजी संघात.

तेंडुलकर अंडर-१९ वर्ल्ड कप कधी खेळलाच नाही. ही स्पर्धा पहिल्यांदा १९८८ मध्ये झाली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि संघात नव्हता. पुढची स्पर्धा थेट १९९८ मध्ये झाली. तोवर तो भारताचा कर्णधारही होऊन गेला होता. थोडक्यात, दोघांच्या वयाच्या आकड्यांची तुलना करायला समान परीक्षाच नाही.

मग ६०.६० ची सरासरी?

वर्ल्ड कपमध्ये धसने ७ डावांत ३०३ धावा केल्या, सरासरी ६०.६०. आकडा भारी आहे. पण सात डाव म्हणजे फारच छोटं सँपल.

त्याचे सात डाव असे: नाबाद २६, नाबाद २१, २०, १५, ११६, ९६ आणि ९. तीनशे तीनपैकी २१२ धावा दोन डावांत आल्या. उरलेल्या पाच डावांत मिळून ९१. सातही डाव चढत्या क्रमाने लावले, तर मधला आकडा येतो २१.

याचा अर्थ तो वाईट खेळला असा नाही. सुरुवातीच्या सामन्यांत तो शेवटच्या षटकांत यायचा. आयर्लंडविरुद्धच्या २१ धावा फक्त ९ चेंडूंत होत्या. पण एवढ्या डावांवरून ‘पुढचा अमुक’ ठरवता येत नाही, एवढं नक्की. ११ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात तो ९ धावांवर बाद झाला आणि ऑस्ट्रेलियाने भारताला ७९ धावांनी हरवलं.

तेंडुलकरलाही सुरुवातीच्या सँपलवर तोललं असतं, तर गंमत झाली असती. पहिल्या कसोटी डावात १५. पहिल्या वनडेत शून्य. पहिलं वनडे शतक यायला ७९ सामने लागले: सप्टेंबर १९९४, कोलंबो, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११०.

जुळतं काय?

एक गोष्ट जुळते, ती म्हणजे पडझडीत उभं राहणं.

ऑगस्ट १९९०, मँचेस्टर कसोटी. भारतासमोर ४०८ धावांचं लक्ष्य, अवस्था ६ बाद १८३. सतरा वर्षांच्या तेंडुलकरने नाबाद ११९ केल्या, मनोज प्रभाकरसोबत शेवटपर्यंत टिकला आणि सामना वाचवला.

बेनोनीत धसने ४ बाद ३२ वरून जे केलं, त्याची पातळी वेगळी होती. कसोटी आणि अंडर-१९ यांत मोठं अंतर आहे. पण जात तीच. समोर विकेट पडत असताना चेंडूकडे पाहून खेळणं हे नावातून मिळत नाही, सवयीतून मिळतं. आणि खरी तुलना करायची असेल, तर ती सवय कुठे लागली याची करायला हवी.

शिवाजी पार्क आणि बीड

तेंडुलकर वांद्र्याच्या साहित्य सहवासमध्ये वाढला. रमाकांत आचरेकर सरांकडे सराव सुरू झाल्यावर त्याची शाळा बदलली. शारदाश्रममध्ये नाव घातलं गेलं आणि तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. सर त्याला स्कूटरवर बसवून एका सामन्याहून दुसऱ्या सामन्याला न्यायचे. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि नाबाद राहिला तर नाणं त्याचं. १९८८ मध्ये विनोद कांबळीसोबतची ६६४ धावांची भागीदारी आझाद मैदानावर झाली, तीही शालेय स्पर्धेत. मैदानं, स्पर्धा, प्रतिस्पर्धी आणि वर रणजीचा सर्वांत यशस्वी संघ, सगळं एका शहरात.

बीडमध्ये काय होतं? सचिन प्रकाशात आला तेव्हा त्याच्या वडिलांनी माध्यमांना सांगितलेल्या आठवणींत दोन शब्द वारंवार येतात: कर्ज आणि टँकर. मुलाला टर्फ विकेटवर सराव मिळावा म्हणून पैसे उसने घेऊन विकेट तयार करून घेतल्या आणि त्या जिवंत ठेवायला टँकरने पाणी आणलं.

टर्फ विकेट म्हणजे माती आणि गवताची खेळपट्टी. तिच्यावर नियमित पाणी मारावं लागतं, रोलर फिरवावा लागतो. पाणी तुटलं की माती भेगाळते आणि चेंडू कसाही उसळतो. मॅटिंग किंवा सिमेंटच्या पट्टीवर सराव होतो, पण तिथे चेंडूची उसळी वेगळी असते. तिथे लागलेली सवय मोठ्या सामन्यात तशीच्या तशी चालत नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर मोजले जातात, तिथे खेळपट्टीला पाणी देणं ही साधी गोष्ट नाही.

त्यात अंतर. महाराष्ट्र संघाचा सगळा कारभार पुण्यातून चालतो. बीडहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. सचिन वाढला त्या सगळ्या वर्षांत बीड शहरात रेल्वे नव्हती. अहिल्यानगरहून पहिली प्रवासी गाडी बीडला आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. निवड चाचणी असो वा सामना, तोवर रस्त्याशिवाय पर्याय नव्हता.

बीडला याआधी कोणी मिळालं होतं का?

मिळालं होतं. संजय बांगर यांचा जन्म बीडचा. भारताकडून ते १२ कसोटी आणि १५ वनडे खेळले. २००२ मध्ये लीड्सच्या कसोटीत सलामीला येऊन त्यांनी ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविडसोबत १७० धावांची भागीदारी केली. त्याच डावात तेंडुलकरच्या १९३ होत्या. भारताने ती कसोटी एक डाव आणि ४६ धावांनी जिंकली. बीडमध्ये जन्मलेला खेळाडू आणि तेंडुलकर एकाच स्कोअरकार्डवर, हे तेव्हाच घडून गेलं आहे.

बांगर रणजी खेळले ते मात्र महाराष्ट्राकडून नव्हे, रेल्वेकडून. शहरात गाडी येण्याच्या कितीतरी आधी बीडचं नाव रेल्वेच्या संघात पोहोचलं होतं.

सावध करणारी उदाहरणं

बीडशेजारच्या जालन्याचा विजय झोल. २०११-१२ च्या मोसमात कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१. २०१४ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपमध्ये तो भारताचा कर्णधार होता. वरिष्ठ भारतीय संघापर्यंत तो पोहोचला नाही.

त्याआधी २०१२ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात कर्णधार उन्मुक्त चंदने नाबाद १११ करून भारताला विश्वविजेता केलं. तोही वरिष्ठ भारतीय संघाकडून एकही सामना खेळला नाही. दुसरीकडे २००८ च्या विजेत्या संघाचा कर्णधार होता विराट कोहली.

अंडर-१९ ची चांगली स्पर्धा दार उघडते. आत जायचं की नाही, ते पुढची चार-पाच वर्षं ठरवतात.

मग धसचं मोजमाप कशावर करायचं?

रणजी सामन्यांवर. एक उदाहरण आधीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या बीकेसी मैदानावर महाराष्ट्र पहिल्या डावात १२६ धावांत गुंडाळला गेला. दुसऱ्या डावात ऋतुराज गायकवाडने १४५, अंकित बावणेने १०१ आणि सचिन धसने ९८ धावा केल्या. महाराष्ट्र ३८८ पर्यंत गेला. सामना मुंबईने ९ विकेटने जिंकला, पण तेंडुलकरच्या शहरात, त्याच्याच संघाविरुद्ध, पिछाडीवर असताना आलेल्या या ९८ धावा अंडर-१९ च्या ११६ पेक्षा जास्त काही सांगतात.

महाराष्ट्राने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ मध्ये. म्हणजे या संघाला ‘दुसरा तेंडुलकर’ नको आहे. त्याला मधल्या फळीत वर्षानुवर्षं धावा करणारा फलंदाज हवा आहे. तेंडुलकरला पहिल्या वनडे शतकाआधी ७८ सामने मिळाले. बीडच्या मुलाला एवढी वाट पाहायला मिळेल, असं कोणीच गृहीत धरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी धसचं नाव दिसलं की तीन गोष्टी पाहा: सामना कोणत्या पातळीवरचा होता, तो आला तेव्हा धावफलकावर किती होतं आणि त्या मोसमातला हा त्याचा कितवा डाव. आणि बीडमध्ये नवा सचिन शोधायचा असेल, तर चौथी गोष्ट: जिल्ह्यात आता किती टर्फ विकेट आहेत आणि त्यांना पाणी कोण देतं.