संगणकीय प्रपत्र

संगणकीय प्रपत्र : वापरणाऱ्याने भरलेली माहिती जाळ्यामार्फत सर्व्हरकडे पोहोचविणारा वेब पृष्ठाचा भाग. व्यवहारात यास ऑनलाइन अर्ज म्हणतात. एचटीएमएल भाषेच्या १९९५ मधील दुसऱ्या आवृत्तीत प्रपत्रांना प्रमाणित रूप मिळाले.

रचना : प्रत्येक रकान्यास एक नाव दिलेले असते व त्या नावासह त्यातील मूल्य सर्व्हरकडे जाते. ‘गेट’ पद्धतीत माहिती पृष्ठाच्या पत्त्यास जोडली जाते व ब्राउझरच्या इतिहासात राहते. म्हणून ती शोधासारख्या कामास योग्य होय. ‘पोस्ट’ पद्धतीत माहिती संदेशाच्या अंगात जाते. तथापि वाटेत गुप्तता राखण्यासाठी एचटीटीपीएस आवश्यक असते.

पडताळणी : चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील वन हक्क दाव्यांचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. २००६ च्या वन हक्क कायद्यानुसार गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. कागदी दाव्याच्या पद्धतीत ग्रामसभेची वन हक्क समिती दावा स्वीकारून लेखी पोच देते, जागेवर पडताळणी करते व निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवते. आलेले सर्व खरे मानावयाचे नाही आणि आलेले काही गहाळ होऊ द्यावयाचे नाही, ही दोन तत्त्वे संगणकीय प्रपत्रासही लागू पडतात.

ब्राउझरमधील तपासणी केवळ सोयीची असते. ती सहज टाळता येते. म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासणी करावी लागते. उदा., कसण्याच्या जमिनीवरील हक्क कायद्याने ४ हेक्टरांपुरता मर्यादित असल्याने क्षेत्राच्या रकान्यात शून्याहून अधिक व ४ पर्यंतचीच संख्या स्वीकारावी. मात्र तपासणी अनाठायी कठोर नसावी. देवनागरी अंक नाकारणारे वा आडनावाची सक्ती करणारे प्रपत्र खऱ्या दावेदारासच परत पाठविते.

धोके : आलेला मजकूर एसक्यूएल आज्ञेत थेट जोडल्यास घातकी मजकूर आज्ञेचा अर्थच बदलू शकतो व नोंदी उघड वा नष्ट होतात. त्यामुळे आज्ञा व मूल्ये वेगवेगळी पाठवावीत. तोच मजकूर पृष्ठावर दाखविताना त्यातील कोनी कंसादी चिन्हे निष्प्रभ करावीत. अन्यथा इतरांच्या ब्राउझरमध्ये परकी आज्ञावली चालते. दुसऱ्या संकेतस्थळाने वापरणाऱ्याच्या नावे प्रपत्र पाठवू नये म्हणून त्यात एक गुप्त, यादृच्छिक खूण ठेवतात. जोडलेल्या फायलींचा प्रकार व आकार तपासतात. जाळे तुटून अर्ज दोनदा आल्यास तो एकच मानला जावा, यासाठी प्रत्येक प्रपत्रास स्वतंत्र क्रमांक देतात आणि नोंद झाल्यावरच पोच दाखवितात.

गोपनीयता : जात, जमीन वा ओळखपत्र यांविषयीची माहिती कामापुरतीच मागावी. भारतात यासंबंधी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला.

अभ्यास : नवशिक्याने प्रथम एकाच रकान्याचे प्रपत्र करावे व त्यात मुद्दाम रिकामे, अतिदीर्घ व चिन्हयुक्त मजकूर भरून सर्व्हरचे वर्तन पहावे. प्रत्येक चूक स्पष्ट मराठीत, संबंधित रकान्यापाशी आणि भरलेले न पुसता दाखविता आली, म्हणजे पुढील रकाने वाढवावेत.