मत इकडे, मस्टर तिकडे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतून रोज पहाटे गोव्याकडे निघणाऱ्या आणि पाळी सुटली की परत येणाऱ्या नोकरदाराला सरकारी भाषेत वेगळे नाव नाही. रात्री तो स्वतःच्याच घरी झोपत असल्यामुळे त्याला स्थलांतरित म्हणता येत नाही, आणि दिवसाचे आठ-दहा तास ज्या गावात जातात तेथील मतदारयादीत त्याचे नाव नसल्यामुळे तो तिथला स्थानिकही ठरत नाही. बांदा, सातार्डा, आरोंदा किंवा दोडामार्ग येथून दुचाकीने, एसटीने, कदंब महामंडळाच्या गाडीने किंवा कंपनीच्या बसने निघालेला हा माणूस म्हापशाजवळच्या करासवाड्यात, पिळर्णला, तुयेला किंवा थेट वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचतो. कोणी औषधांच्या कारखान्यात असतो, कोणी हॉटेलात, कोणी दुकानात, आणि 2023 च्या जानेवारीत मोपाच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून कोणी तेथेही. सीमेविषयीची त्याची मते ऐकणाऱ्याला परस्परविरोधी वाटतात, कारण एकाच बैठकीत तो गोव्याच्या कारभाराचे कौतुकही करतो आणि गोव्याने आपल्याला परके मानल्याची तक्रारही करतो. मात्र त्याचे मत एका राज्यात आणि मस्टर, म्हणजे हजेरीपट, दुसऱ्या राज्यात आहे हे ध्यानात घेतले की या विरोधाची संगती लागू लागते.

ही सीमा मुळात फार जुनी नाही. आज गोव्याचा उत्तरेकडील तालुका असलेले पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होते आणि ते कायमचे पोर्तुगिजांकडे गेले 1788 मध्ये. डिचोली आणि सत्तरी त्याच्या थोडेच आधी गेले होते. पोर्तुगिजांनी या उशिरा मिळालेल्या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ असे नाव दिले, आणि तोवर धर्मांतराचा जुना आवेश ओसरलेला असल्यामुळे तेथील देवळे, मानपान, बोली आणि सोयरिकी बऱ्याच अंशी शाबूत राहिल्या. पेडण्याची मुलगी बांद्याला देणे किंवा सातार्ड्याच्या घराण्याचे कुलदैवत सीमेपलीकडे असणे यात या भागात कोणालाही नवल वाटत नाही. ही ये-जा खऱ्या अर्थाने तुटली ती 1955 नंतर. त्या वर्षी 15 ऑगस्टला गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, सीमेवरच्या पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग आणि तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी यांना हौतात्म्य आले, आणि त्यानंतर भारताने केलेल्या नाकेबंदीमुळे सहा वर्षे सासर-माहेरदेखील एकमेकांना दुरावले. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे या प्रश्नावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला, तो 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरणाच्या विरोधात गेला, आणि 30 मे 1987 रोजी गोवा घटकराज्य झाले. त्या कौलात सीमेच्या अलीकडच्या माणसाला अर्थातच मत नव्हते, आणि ज्या निर्णयाने त्याचा रोजचा रस्ता आंतरराज्यीय झाला तो निर्णय त्याला न विचारता झाला, ही भावना जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही डोकावते.

त्या निर्णयाचा आर्थिक परिणाम मात्र याच माणसाच्या पथ्यावर पडला, हे मान्य केले पाहिजे. छोट्या राज्याला स्वतःचे कर, स्वतःच्या औद्योगिक सवलती आणि स्वतःचे मंत्रिमंडळ मिळाले, राजधानी दीड तासाच्या अंतरावर आली. उलट 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग मुंबईपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूरच राहिला आणि तेथे मोठे कारखाने फारसे उभे राहिले नाहीत. दोन शेजारी राज्यांच्या दरांत आणि नियमांत जी तफावत असते तिच्यावरच सीमाभागाची बरीचशी अर्थव्यवस्था चालते. गोवा सरकारने 2012 मध्ये पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी दर उतरला. पुढे तो कर पुन्हा वाढला, तरी टाकी भरायची ती पलीकडेच ही सवय टिकून आहे. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत व्यवसाय कर कापला जातो, गोव्यात हा करच नाही, त्यामुळे घर महाराष्ट्रात असूनही म्हापशाच्या पगारपत्रकावर तो रकाना दिसत नाही. दारूच्या दरातील फरक तर सर्वश्रुत आहे आणि इन्सुलीच्या नाक्यावरची तपासणी त्याचीच साक्ष देते. रोज ये-जा करणाऱ्याला त्या तपासणीचा खोळंबा तेवढा भोगावा लागतो.

राज्यघटनेने नागरिकाला देशात कोठेही जाण्याचे, राहण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले असल्यामुळे या प्रवासाला कसलाही परवाना लागत नाही. अडचण सुरू होते ती राज्याने द्यायच्या गोष्टींपाशी, कारण त्या बहुतेक वास्तव्याच्या दाखल्याशी बांधलेल्या असतात. गोवा शासनाच्या नोकरीसाठी सर्वसाधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते. कोकणीची अट मालवणी बोलणाऱ्याला जड नसते, दाखल्याची मात्र अशक्य असते, कारण वीस वर्षे रोज गोव्यात राबूनही त्याचे तेथील ‘वास्तव्य’ एका दिवसाचेही भरत नाही. खासगी उद्योगांनी गोमंतकीयांना प्राधान्य द्यावे ही मागणीही अधूनमधून जोर धरते, आणि तेव्हा ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, हा शब्द ऐकू येतो. दूरच्या प्रांतातून आलेल्या मजुराला तो शब्द लागला तर तो निदान भाषेने वेगळा असतो. पेडण्याच्या बोलीशी जवळजवळ जुळणारी बोली बोलणाऱ्या शेजाऱ्याला तो लागतो तेव्हा त्याची बोच निराळी असते. गोव्याच्या बाजूनेही यात तथ्य नाही असे नाही, कारण पंधरा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या राज्याला आपल्या तरुणांच्या रोजगाराची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय सीमेपलीकडून येणाऱ्याला भाड्याच्या खोलीचा खर्च नसल्याने तो कमी पगारावर तयार होतो, ही तेथील कामगाराची तक्रार निव्वळ द्वेषातून आलेली नसते.

हा सगळा गुंता एका ठिकाणी उघडा पडला, ते म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. 1842 मध्ये पोर्तुगिजांनी स्थापन केलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे हे रुग्णालय सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेवटचे ठिकाण आहे. अपघात असो, हृदयविकार असो की अडलेले बाळंतपण, आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर गाठण्यापेक्षा महामार्गाने बांबोळी गाठणे केव्हाही सोपे. तेथील उपचार विनामूल्य होते, आणि 2018 च्या जानेवारीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा आरोग्यखर्च का उचलावा, हा त्यामागचा प्रश्न तर्काला धरून होता. परंतु ज्याच्या श्रमावर गोव्यातील कारखाना चालतो आणि ज्याच्या खरेदीतून गोव्याच्या तिजोरीत कर जमा होतो, त्याला रुग्णालयाच्या खिडकीपाशी ‘बाहेरचा’ ठरवताना तो तर्क अर्धवट राहतो. त्याच वर्षी सिंधुदुर्गात आंदोलने झाली आणि दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात विलीन होण्याची मागणी पुढे आली. बाहेरच्यांना ती भाषिक निष्ठेतील फितुरी वाटली असेल, पण मागणीचा रोख रुग्णालयाकडे, रस्त्यांकडे आणि नोकऱ्यांकडे होता. महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेतून बांबोळीतील उपचारांचा खर्च भागवण्याची सोय झाल्यावर त्या मागणीची धार उतरली, यावरून तिचे मूळ कोठे होते हे पुरेसे कळते. पुढे सिंधुदुर्गाच्या मुख्यालयी, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. महामारीच्या काळात 2020 मध्ये नाके बंद झाले आणि 2021 च्या मे महिन्यात प्रवेशासाठी निगेटिव्ह अहवालाची अट आली, तेव्हा महिन्यातून एकदा येणारा पर्यटक आणि रोज येणारा कामगार यांत नियमाला फरक दिसू शकतो का, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

असा फरक करण्याची रीत जगात नाही असे नाही. स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा परगण्यात फ्रान्समधून रोज हजारो माणसे कामाला येतात, आणि 1973 च्या करारानुसार जिनिव्हा त्यांच्या एकूण वेतनाच्या साडेतीन टक्क्यांइतकी रक्कम फ्रान्सच्या दोन सीमावर्ती जिल्ह्यांना दरवर्षी देते, कारण कामगाराची शाळा, पाणी आणि दवाखाना यांचा भार त्याच्या राहत्या गावावर पडतो. दोन देशांना जे जमले ते एकाच देशातील दोन राज्यांना अवघड वाटावे हे चमत्कारिक आहे. विशेषतः तिळारी धरण महाराष्ट्राच्या हद्दीत बांधून त्याचा खर्च आणि पाणी करारान्वये वाटून घेण्याइतका समंजसपणा याच दोन राज्यांनी दाखवला असताना.

पाण्याची वाटणी करता येते कारण ते मोजले जाते. सीमेपलीकडे रोज जाणारी माणसे नेमकी किती, याची मोजणी तशी होत नाही. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुराची नोंद मागितली, स्वतः फाटकावर जाऊन नोकरी मिळवणाऱ्याची मागितली नाही. 2011 च्या जनगणनेत घरापासून कामाचे ठिकाण किती किलोमीटरवर आहे आणि तेथे कशाने जाता हे विचारले गेले खरे; पण म्हापशाच्या कारखान्यात जाणारा आणि तेवढेच अंतर कापून ओरोसच्या कचेरीत जाणारा, असे दोघेही त्या तक्त्यात एकाच रकान्यात बसले.