शिस्त पलटणीत, आबाळ घरी

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावास ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव उगाच लाभलेले नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. सैन्यात जाण्याची ही परंपरा सातारा-सांगलीतील अनेक गावे आजही जपतात. तिचा गौरव आपण वारंवार करतो. तथापि जवान सीमेवर असता घर, शेत, मुले आणि वृद्ध सासूसासरे यांचा भार जी वाहते, तिच्या प्रकृतीची चौकशी क्वचितच होते.

जवानाची पहाट कवायतीने उजाडते, त्याचा शिधा ठरलेला असतो आणि दरवर्षी त्याची वैद्यकीय तपासणी होते. त्याची पत्नी मात्र सर्वांच्या मागून जेवते, झोपेला काट मारते आणि स्वतःचे दुखणे ‘ते रजेवर आल्यावर पाहू’ म्हणून लांबणीवर टाकते. दिवसभर शेतात राबणारीला वेगळ्या व्यायामाची गरज नसेल. परंतु श्रमाच्या मानाने तिला अन्न व विश्रांती मिळते काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

मुलांच्या शिक्षणासाठी सातारा वा सांगली शहरी बिऱ्हाड करणाऱ्या पत्नीची अडचण निराळी. तिचे शेतातील श्रम सुटतात, चिंता मात्र सुटत नाही. तिने रोज अर्धा तास तरी भरभर चालणे अगत्याचे आहे.

सोयी मुळीच नाहीत, असे म्हणता येणार नाही. जवानाच्या पत्नीस लष्करी रुग्णालयात उपचारांचा हक्क आहे. निवृत्त सैनिकांच्या कुटुंबांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. परंतु जत वा आटपाडीच्या खेड्यातून पुण्याचे लष्करी रुग्णालय गाठायचे ते दुखणे विकोपास गेल्यावरच. रक्तदाब आणि रक्तातील हिमोग्लोबिन पाहण्यास एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. ते काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

दरवर्षी ७ डिसेंबरला आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतो आणि निधी गोळा करतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय व ग्रामपंचायती यांनी त्याच दिवशी सैनिकपत्नींच्या तपासणीचा परिपाठ घालावा. घरच्यांनीही तिला पंगतीत आपल्याबरोबर बसवावे. ज्या घराच्या भरवशावर जवान निश्चिंतपणे पहारा देतो, त्या घराच्या आधारस्तंभाची वर्षातून एकदा तरी विचारपूस होणे, एवढी अपेक्षा अवाजवी खासच नाही.