संगणकाच्या पोटातील संगणक

संगणक कितीही वेगवान असला, तरी स्वतःहून त्याला काहीच करता येत नाही. दाबलेल्या कळीचे अक्षर पडद्यावर उमटवणे, स्मृतीतील जागा निरनिराळ्या कामांना वाटून देणे, लिहिलेला मजकूर जपून ठेवणे, ही सारी व्यवस्था ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ नावाचा मूळ कार्यक्रम पाहतो. विंडोज व लिनक्स हे असेच व्यवस्थापक होत. एरवी एका संगणकावर एका वेळी एकाच व्यवस्थापकाची सत्ता चालते. तथापि दोघांना एकत्र नांदवण्याची युक्ती माणसाने शोधून काढली आहे.

असा खटाटोप कोणी कशासाठी करील? डोंबिवलीतील मानपाडा रस्त्यावर एक छापखाना आहे, अशी कल्पना करा. पंचवीस वर्षांपूर्वी तेथे शाळांच्या स्मरणिका छापल्या जात. त्या काळी पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे ‘आयएसएम’ किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ अशा साधनांनी मराठी मजकूर जुळवीत. अशा जुन्या टंकांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. आज युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. म्हणून जुना टंक नसला, की स्मरणिकेच्या जागी परक्या चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. रूपांतर करणारी साधने आहेत. परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत ती कधी कधी फसतात, आणि मूळ पान समोर असल्यावाचून ती चूक सापडत नाही. मूळ पान उघडणारा कार्यक्रम मात्र विंडोज एक्सपीवर चालणारा! एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने २०१४ साली थांबवली. तो जुना संगणक बिघडला, तर स्मरणिका वाचायची कशी?

येथे ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारखा कार्यक्रम उपयोगी पडतो. नव्या संगणकाच्या पडद्यावरील एका चौकटीत तो आभासी संगणक उभा करतो, व त्यात एक्सपी बसवता येते. बाहेरची व्यवस्था यजमान, आतली पाहुणी. गंमत अशी, की आतली व्यवस्था सारे यंत्र आपलेच समजून वागते. तिची भलीमोठी तबकडी ही यजमानाच्या लेखी केवळ एक फाइल असते.

मग दोघांच्या मजकुराची सरमिसळ कशी होत नाही? मानपाडेही दोन आहेत: एक ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, दुसरा डोंबिवलीत. पत्रावर नुसते ‘मानपाडा’ लिहिले, तर पोस्टमनने कोठे जावे? पिनकोड पाहूनच पत्र योग्य ठिकाणी पोचते. स्मृतीतही शंभर क्रमांकाचे घर यजमानाकडे असते, तसे पाहुण्याकडेही. मधला कार्यक्रम पाहुण्याचे ‘शंभर’ प्रत्यक्षात कोठे आहे याची नोंद ठेवतो, आणि पत्ता बदलून देतो. पाहुण्याने सगळ्या यंत्रावर हुकूम चालवू पाहिला, तर तो हुकूम अडवून आभासी यंत्रापुरताच अमलात आणतो. या अडवणुकीची सोय इंटेलने २००५ पासून आपल्या प्रक्रियकांतच करण्यास आरंभ केला.

कल्पना तशी जुनी. आयबीएमने १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ ही व्यवस्था जाहीर केली. तिच्यामुळे एका अवाढव्य संगणकात अनेक आभासी संगणक चालत. मेजावरच्या संगणकासाठी व्हीएमवेअरचा असा कार्यक्रम १९९९ साली आला, आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ साली.

पाहुण्याला स्मृतीचा वाटा द्यावा लागतो, म्हणून यजमान थोडा मंदावतो. जुन्या एक्सपीला इंटरनेटशी तर जोडूच नये; तिच्यातील उघड्या फटी आता कोणी बुजवीत नाही. छापखान्याला तशी गरजही नाही. एका चौकटीत जुने पान, शेजारच्या चौकटीत युनिकोडमधील नवी प्रत, आणि मुद्रितशोधक एकेक रफार ताडून पाहत बसलेला.