बर्फात शिकणाऱ्या लेकीची विचारपूस

कर्वेनगरच्या आमच्या वस्तीत आम्ही दर रविवारी रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. गेल्या जानेवारीत एक आई दंडाला पट्टा बांधून घेता घेता म्हणाल्या, “ताई, लेकीचा फोन आला होता. तिकडं लई बर्फ पडतोय म्हणे. पण ती बरी आहे.” त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १६० च्या वर होता.

लेक किरगिझस्तानची राजधानी बिश्केक इथे एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीटमध्ये थोडक्यात सरकारी जागा हुकली. खासगी कॉलेजची फी ऐकूनच घर गप्प झालं होतं. आई चार घरची धुणीभांडी करतात, वडील रिक्षा चालवतात. कर्ज काढून मुलीला पाठवलं.

रात्री आम्ही तिला फोन लावला. आईला न सांगितलेलं तिने आम्हाला सांगितलं.

जानेवारीत तिथे साडेआठच्या सुमारास उजाडतं. त्यामुळे आठचा तास गाठायला रोजच अंधारात निघावं लागतं. त्या आठवड्यात तीन दिवस वारा आणि बर्फ थांबला नव्हता. मार्शरुत्का, म्हणजे तिथली छोटी बस, आलीच नाही. पोर चाळीस मिनिटं चालत गेली. सुट्टी का घेतली नाही? कारण बुडलेला तास नंतर भरून द्यावा लागतो. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे तिकडे किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग भारतात परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. इतक्या लांबच्या वाटेवर एक दिवसही वाया जाऊ नये, हीच तिची धास्ती.

पायात पुण्यात घेतलेले कापडी बूट. वॉर्डात रशियन बोलणाऱ्या पेशंटची माहिती घेत ती दिवसभर ओल्या मोज्यांत उभी राहिली. संध्याकाळी खोलीवर आली तेव्हा पायाची दोन बोटं बधिर होती.

“मावशी, हीटरला पाय लावून बसू का?”

आम्ही म्हटलं, “अजिबात नको.”

हिमदंशाबद्दल तिने पुस्तकात वाचलं होतं. पण स्वतःचे पाय गारठले आणि खोलीत एकटं असलं की वाचलेलं आठवत नाही. म्हणून घरच्यांनाही हे माहीत हवं.

बधिर बोटांना चटका कळत नाही. हीटर, शेगडी किंवा गरम पिशवी लावली तर कातडी भाजते. चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. ओले मोजे काढून पाय ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण अर्धा तास ठेवावेत. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या अंघोळीचं पाणी जसं कोपराने बघतो तसं दुसऱ्याने बघावं. पाणी गार झालं की कोमट पाणी घालत राहावं. मात्र पाय पुन्हा गोठणार असतील, म्हणजे बाहेर चालत जायचंच असेल, तर आधी ऊब देऊ नये. फोड आले तर फोडू नयेत आणि दवाखाना गाठावा. पुस्तकातल्या चित्रांत गोऱ्या कातडीचा बदललेला रंग दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर ती जागा राखाडी, पिवळट किंवा मेणासारखी दिसते, हे लक्षात ठेवावं.

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जीवाला धोका असतो. माणूस कुडकुडतो, जीभ अडखळते, हातातली वस्तू पडते, झोप येते. कुडकुडणं आपोआप थांबलं तर आराम पडला असं समजू नये, ती धोक्याची खूण आहे. ताबडतोब मदत बोलवावी. मदत येईपर्यंत ओले कपडे काढून आधी छाती आणि पोट ऊबदार करावं. शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावं. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीराची उष्णता उलट बाहेर जाते.

तिथल्या मोठ्या इमारती औष्णिक केंद्राकडून येणाऱ्या गरम पाण्यावर उबदार राहतात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी बिश्केकच्या केंद्रात स्फोट झाला आणि ऐन थंडीत शहराची ऊब कमी झाली. अशा वेळी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवायचा मोह होतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळ झाली, तर लगेच बाहेर पडावं.

शेगडीवरून आनंदीबाई जोशी आठवतात. पुण्यात जन्मलेल्या या मुलीने १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. खोलीतली शेकोटी नादुरुस्त. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच क्षयाने गेल्या. वय वर्षं २१. क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो. पण धुराने आणि उपासाने खंगलेलं शरीर त्याच्याशी झुंजू शकत नाही.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे आपण लेकरांना अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण त्यातून मुलं शिकतात की त्रास झाला तरी बोलायचं नाही. बाबासाहेबांनी ते सोसलं ते आपल्या लेकरांवर ती वेळ येऊ नये म्हणून. बूट मागणं म्हणजे कमकुवतपणा नाही, हे आपणच त्यांना सांगितलं पाहिजे.

त्या मुलीची बोटं वाचली. एक फोड आला, दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली, आठवडाभर लंगडत चालली. पुढच्या रविवारी तिच्या परवानगीने आम्ही आईला सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “फीचे आकडे सगळे पाठ आहेत मला. बूट किती रुपयांना मिळतो, ते कधी विचारलंच नाही.”

परदेशी शिकायला मूल पाठवणाऱ्या घरांनी फी आणि तिकिटाच्या हिशेबात जलरोधक बूट, लोकरी मोज्यांचे चार जोड आणि जाड कोट आधीच धरावा. पैसे कमी पडले तर वस्तीतल्या चार घरांना सांगावं, विहारात बोलावं. लाज बाळगू नये. फोनवर “जेवलीस का?” एवढ्यावर थांबू नये. “मोजे सुके आहेत का? खोली गरम आहे का? बोटं हलतात का?” असंही विचारावं.

त्या आई आता रोज रात्री हे तीन प्रश्न विचारतात. लेक वैतागते, पण उत्तर खरं देते.