संमती कुणाची, ओटीपी कुणाच्या हातात?

मुलांच्या ॲप-वापराला कायद्याची चौकट घालायचे देशाने ठरवले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि पालकांच्या संमतीची अट मे २०२७ मध्ये लागू होईल. त्यानंतर अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी ॲपला पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. कसूर केल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. हेतू चांगलाच आहे. पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या घराघरांत ही अट कशी पाळली जाईल याचा विचार केला, की तिचा भार ज्यांना तो पेलणार नाही त्यांच्यावरच पडलेला दिसतो.

संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि तिची ओळख पटते, एवढी खातरजमा कंपनीने करावी, असे नियम म्हणतो. त्यासाठी कंपनीला स्वतःकडच्या नोंदी चालतील किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून आलेले टोकन. ती व्यक्ती खरोखरच त्या मुलाची आई किंवा वडील आहे का, हे तपासण्याची सक्ती मात्र नाही. अठराच्या आत सिमकार्ड मिळत नाही, म्हणून मुलाच्या हातातला नंबर बहुधा वडिलांच्याच नावावर असतो. वाळूजच्या कारखान्यात आई-वडील पाळीला गेले असतील, तर संमतीसाठीचा ओटीपी घरी ठेवलेल्या त्याच फोनवर येणार आणि मुलगाच तो भरून मोकळा होणार. ऊसतोड कुटुंबांचे याहून अवघड. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास जोडपी साखर कारखान्यांकडे निघतात आणि अनेकांची मुले गावी आजी-आजोबांकडे राहतात. कायद्याला पालक म्हणून आई-वडील किंवा कायदेशीर पालकच मान्य आहेत. हंगामभर नातवाला सांभाळणारी आजी त्यात बसत नाही, आणि बसवली तरी तिने नेमके काय वाचून हो म्हणायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. आजीचे वय तर त्याही पुढचे. पालक-नियंत्रणाची बहुतेक साधने एक फोन पालकाचा आणि दुसरा मुलाचा असे धरून चालतात. एकाच फोनवर चालणाऱ्या घरात त्यांचा काडीचा उपयोग नाही.

याच कायद्याच्या नवव्या कलमात दुसरी एक तरतूद आहे. तिची चर्चा फार कमी होते, पण मोल माझ्या मते अधिक आहे. मुलांचा माग काढणे, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे, या तिन्हींना तिथे मनाई आहे. सरकारने दिलेले अपवाद सोडले, तर पालकांच्या संमतीनेही ती उठत नाही. इथे जबाबदारी थेट कंपनीची आहे, आजीची नव्हे. अंमलबजावणीचा जोर इथे हवा.

वयच ठाऊक नसेल तर कंपनीने मूल ओळखायचे कसे, हा आक्षेप रास्त आहे. मुलांच्या ऑनलाइन माहितीसाठीच्या ब्रिटनच्या बाल-संहितेत त्याला उत्तर आहे. धोक्याच्या प्रमाणात वयाची खात्री करा, नाहीतर मुलांसाठीचे संरक्षण सर्वच वापरकर्त्यांना द्या, असा पर्याय ती ठेवते. म्हणजे वयासाठी घराघरातले आधार क्रमांक गोळा करायची गरज उरत नाही.

मग पालकांनी हात झटकायचे का, असे कुणी विचारेल. मुळीच नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वाट दाखवली. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवले जातात, मोठ्यांचेसुद्धा. हे गावाने मिळून ठरवले म्हणून चालले. एकट्या आईवर सोडले असते तर चालले नसते. ऑस्ट्रेलियाप्रमाणे सोळापर्यंत समाजमाध्यमांवर सरसकट बंदी घाला, ही मागणीही आपल्याकडे होते. यवतमाळच्या बांशी ग्रामसभेने २०२२ मध्येच अठराच्या आत मोबाइलबंदीचा ठराव केला होता. त्यामागची पालकांची कळकळ खरी आहे. पण ग्रामीण भारतातल्या शिक्षणाच्या स्थितीवरील 'असर २०२४' अहवालात, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आठवडाभरात समाजमाध्यम वापरले, तसा ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठीही फोन हाती घेतला. स्वतःचा फोन ३६.२ टक्के मुलग्यांकडे होता, मुलींमध्ये २६.९ टक्क्यांकडेच. सरसकट बंदी आली तर घरातला फोन आधी कुणाच्या हातून काढला जाईल, हे या आकड्यांवरून ओळखता येते.

बंदीला पर्याय कायद्यातच आहे. एखादे ॲप मुलांची माहिती पडताळता येईल इतक्या सुरक्षितपणे हाताळते असे केंद्र सरकारला पटले, तर त्या ॲपपुरती संमतीची वयोमर्यादा खाली आणण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला आहे. त्याच्या कसोट्या मे २०२७ च्या आत जाहीर व्हायला हव्यात: अनोळखी माणसाला मुलाशी संपर्क साधता येऊ नये, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होऊ नये, रात्री सूचना बंद राहाव्यात आणि तक्रार मराठीत नोंदवता यावी. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये उपलब्ध करून देणे कायद्याने बंधनकारक आहेच. ती पैठणच्या आजीलाही ऐकून समजेल अशा मराठीत आहे की नाही, हे याच कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने तपासावे.